ओढ्यानाल्यांतील जीवांचेही मूल्यांकन करा : जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीस खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती,
पर्यावरण, वने व हवामान बदल मंत्रालय,
नवी दिल्ली

विषय : जनुकीय बदल केलेल्या पिकांना परवानगी देताना ओढे, नाले, तळी आणि त्यांतील जीवांवर होणाऱ्या परिणामांची स्वतंत्र तपासणी होण्याबाबत.

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी वर्धा जिल्ह्यात राहतो. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवण्यात नोकरीची सगळी वर्षे गेली. अभ्यासाचा विषय गोड्या पाण्यातले बिनकण्याचे जीव. घरची शेती कोरडवाहू आहे आणि बहुतेक वर्षी तिच्यात पऱ्हाटीच, म्हणजे कापूसच, उभा असतो. मार्च 2002 मध्ये आपल्या समितीने बीटी कापसाच्या, म्हणजे जिवाणूचा जनुक घातल्याने बोंडअळी मारणारे प्रथिन स्वतःच तयार करणाऱ्या कापसाच्या, पहिल्या तीन संकरित वाणांना परवानगी दिली. काही वर्षांतच ते बियाणे आमच्या वावरात आले. आज महाराष्ट्रात सुमारे 40 लाख हेक्टरवर कापूस होतो आणि त्यातला जवळजवळ सगळा बीटी आहे. या पिकाचा जो काडीकचरा, पाला आणि गाळ शेताबाहेर वाहून जातो, त्याच्याबद्दल हे पत्र आहे.

माझी भूमिका आधीच सांगतो. मी जनुकीय तंत्रज्ञानाचा विरोधक नाही. बीटी कापसामुळे आमचे नाले मेले, असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्याइतका पुरावा माझ्यापुढे नाही. माझे म्हणणे मर्यादित आहे. आपल्यापुढे येणाऱ्या कागदपत्रांत शेत असते, शेजारचे शेत असते, मधमाशी असते, जनावरांचा चारा असतो, माणसाचे अन्न असते. धुऱ्यावरून उतरून नाल्याला लागणारे पाणी आणि त्या पाण्यातले जीव यांना मात्र त्यात फारच थोडी जागा आहे. ज्या प्रदेशात वर्षभराचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि उताराची काळी माती सोबत घेऊन जातो, तिथे ही उणीव किरकोळ म्हणता येणार नाही.

समितीतील सगळ्यांनी विदर्भातला पावसाळा शेतात उभे राहून पाहिला असेल असे नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. जुलैच्या अखेरीपासून पऱ्हाटीला पाते, म्हणजे फुलाची कळी, धरू लागते. त्याच सुमारास झड लागते. चार-सहा दिवस सूर्य दिसला नाही, मुळांशी पाणी साचून राहिले, की झाड पाते टाकते, फुले टाकते, कोवळी बोंडेही टाकते. शेतकरी याला पातेगळ म्हणतो आणि डोक्याला हात लावून बसतो, कारण प्रत्येक गळलेले पाते म्हणजे न आलेले बोंड असते. पण पाण्याच्या बाजूने पाहिले तर ही ओली, ताजी, प्रथिनांनी भरलेली वनस्पती असते आणि ती नेमकी त्या दिवसांत जमिनीवर पडते ज्या दिवसांत शेतातून पाण्याचे लोट वाहतात. लवणातून नाल्यात, नाल्यातून यशोदा, वणा, बेंबळा, अडाण अशा नद्यांत आणि पुढे वर्धा नि पैनगंगेत ती जाते. वाटेतल्या प्रत्येक बंधाऱ्याच्या तळाशी, प्रत्येक डोहात तिचा काही भाग थांबतो.

दुसरा लोंढा येतो तो पहिल्या पुराबरोबर. वेचणी संपली की पूर्वी पऱ्हाट्या उपटून घरी नेत आणि चुलीत जाळत. आता बऱ्याच घरांत गॅस आहे. शिवाय गुलाबी बोंडअळीचा बंदोबस्त म्हणून पऱ्हाट्यांचे श्रेडरने तुकडे करून जमिनीत मिसळण्याचा सल्ला दिला जातो. सल्ला योग्यच आहे. पण जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस झाला की त्या तुकड्यांचे आणि हिवाळ्यात गळलेल्या पाल्याचे थर नाल्याच्या वळणावर साचलेले दिसतात. त्यात बीटी प्रथिन किती उरलेले असते? विदर्भातला उन्हाळा 45 अंशांपर्यंत जातो, त्या तापलेल्या जमिनीवर चार महिने पडलेल्या पाल्यात ते टिकते की नष्ट होते? याचे उत्तर अंदाजाने देऊ नये, मोजून द्यावे.

ताज्या गळीबद्दल थोडी माहिती आपल्याकडे आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतल्या अभ्यासांनी दाखवले आहे की बीटी कापसातले क्राय 1 एसी हे प्रथिन झाडाच्या सर्व भागांत सारखे नसते. पानांत ते सर्वाधिक असते, पात्या-बोंडांत कमी, आणि झाडाचे वय वाढेल तसे घटत जाते. 2006 पासून बीजी 2 हा बीटी कापसाचा पुढचा प्रकार आला, त्यात क्राय 2 एबी या दुसऱ्या प्रथिनाची भर पडली. म्हणजे कोणत्या महिन्यात झाडाचा कोणता भाग पाण्यात जातो यावर सगळे अवलंबून आहे. बोंडअळी मरते की नाही हे पाहण्यासाठी ही मापे घेतली गेली. तीच मापे नाल्याच्या प्रश्नालाही लावता येतील.

आता या पाण्यात कोण राहते ते पाहू. मासे सगळ्यांना दिसतात. पण ओढ्याचा कारभार चालतो तो दगडाखाली आणि पाल्याच्या थरात राहणाऱ्या जीवांवर : चतुर आणि टाचण्यांच्या अळ्या, मेफ्लायच्या अळ्या, छोटे कवचधारी, गोगलगायी, खेकडे. यांतला एक गट या प्रश्नासाठी फार महत्त्वाचा आहे. तो म्हणजे कॅडिसफ्लाय. प्रौढ कीटक पतंगासारखा दिसतो आणि संध्याकाळी दिव्याभोवती येतो. त्याच्या पुष्कळ जातींच्या अळ्या पाण्याच्या तळाशी राहतात, वाळूचे कण किंवा काडीचे तुकडे आपल्याच रेशमी धाग्याने जोडून अंगाभोवती नळी तयार करतात आणि पाण्यात पडलेला पाला कुरतडून खातात. त्यांनी पाला बारीक केल्यावरच तो इतर जीवांच्या तोंडात मावतो, आणि त्या स्वतः माशांचे खाद्य असतात.

हा कीटकांचा गण उत्क्रांतीच्या वंशवृक्षात फुलपाखरे आणि पतंग यांच्या सर्वांत जवळचा आहे. दोन्ही गणांच्या अळ्या रेशीम काढतात, हा त्या नात्याचाच एक पुरावा. बीटी कापसातली क्राय 1 एसी आणि क्राय 2 एबी ही प्रथिने बोंडअळ्यांसाठी, म्हणजे पतंगांच्या अळ्यांसाठी निवडलेली आहेत. मग पाण्यातल्या जीवांपैकी आधी कोणाची तपासणी करायची, हे या नात्यावरूनच ठरायला हवे होते.

प्रत्यक्षात काय झाले? अमेरिकेत बीटी मक्याच्या मंजुरीच्या वेळी पाण्यातल्या जीवांचा प्रतिनिधी म्हणून डॅफ्निया हा सूक्ष्म कवचधारी घेतला गेला आणि त्याला 48 तास मक्याच्या परागात ठेवले गेले. डॅफ्निया पाळायला सोपा आहे, रसायनांच्या चाचण्यांत अनेक दशके वापरला जातो. पण तो कीटक नाही, पाल्याचे तुकडे कुरतडत नाही, आणि पतंगांशी त्याचे जवळचे नाते नाही. आपल्याकडे बीटी कापसासाठी मुंबईच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत माशांवर चाचणी झाली, पुढे बीटी वांग्यासाठीही झाली. ती झाली हे चांगलेच. पण तिचा प्रश्न होता, या पिकापासून बनलेले खाद्य माशाला चालते का. खाद्याच्या सुरक्षिततेचा तो प्रश्न आहे. नाल्यातल्या मरळीला किंवा शिंगीला खायला जे किडे लागतात ते उरतील का, हा वेगळा प्रश्न आहे आणि खाद्याच्या चाचणीतून त्याचे उत्तर मिळत नाही.

याचा सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेच्या इंडियाना राज्यात झाला. 2007 मध्ये एमा रोझी-मार्शल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मक्याच्या शेतांना लागून वाहणाऱ्या लहान ओढ्यांत पराग आणि पाला किती येतो हे मोजले. प्रयोगशाळेत कॅडिसफ्लायच्या अळ्यांना बीटी मक्याचा पाला दिला तेव्हा त्यांची वाढ मंदावली, आणि परागाचा डोस बराच वाढवला तेव्हा मरणाऱ्या अळ्यांचे प्रमाण वाढले. त्यावर वादळ उठले. टीकाकारांचा एक मुद्दा वाजवी होता : तुलनेसाठी घेतलेला मका बीटी मक्याचा नेमका जुळा वाण नव्हता, त्यामुळे फरक बीटी प्रथिनामुळे पडला की पानांच्या इतर गुणांमुळे, हे सांगता येत नव्हते. परागाचा मोठा डोस प्रत्यक्ष ओढ्यातल्या प्रमाणापेक्षा जास्त होता, हीदेखील टीका झाली. पुढच्या काही अभ्यासांनी या शंकांना दुजोरा दिला. पाण्यात पडल्यावर दोन आठवड्यांत पाल्यातल्या प्रथिनाची कीटकनाशक ताकद दिसेनाशी होते आणि जीवांवरचे फरक पानांच्या जातीमुळे पडतात, असे एका गटाला आढळले. प्रत्यक्ष ओढ्यांतल्या जीवसमूहात फरक दिसला नाही, असेही एका अभ्यासाने सांगितले.

हे सगळे मी मुद्दाम मांडतो आहे, कारण जोखीम सांगताना अर्धे सांगणे अप्रामाणिक आहे. पण 2010 मध्ये जेनिफर टँक आणि सहकाऱ्यांनी त्याच राज्यातल्या 217 ठिकाणी पाहणी केली तेव्हा 86 टक्के ठिकाणी ओढ्याच्या पात्रात मक्याची पाने, कणसे, सालटी किंवा धांडे सापडले. कापणी होऊन सहा महिने लोटल्यावरही 23 टक्के ठिकाणच्या पाण्यात बीटी मक्यातले क्राय 1 एबी प्रथिन आढळले. प्रमाण अल्प होते. तरीही शेतातले प्रथिन शेतातच राहते, ही समजूत त्या पाहणीनंतर टिकली नाही. इतकी वर्षे ते मोजण्याचा विचारच झाला नव्हता, आणि हेच मला सर्वांत जास्त बोचते. परवानगी देताना अशी एक पाहणी सुरुवातीलाच मागितली असती तर तो पुढचा कडवट वादही शांतपणे झाला असता.

इंडियानाचे निष्कर्ष आहेत तसे उचलून वर्ध्याला लावता येणार नाहीत, भीतीचेही नाहीत आणि दिलाशाचेही नाहीत. मक्याचा पराग वाऱ्याने उडतो. कापसाचा पराग जड आणि चिकट असतो, तो फारसा वाऱ्यावर जात नाही. तेव्हा परागाची वाट आमच्याकडे जवळजवळ बंद आहे. पात्या, फुले, पाला आणि गाळ यांची वाट मात्र सताड उघडी आहे. तिथला ओढा बारमाही आणि थंड पाण्याचा. आमचा नाला पावसाळ्यात भरून वाहतो, हिवाळ्यात डोहांपुरता उरतो आणि मार्चमध्ये कोरडा पडतो. पाणी आटत जाते तसे सगळे जीव त्या उरलेल्या डोहांत गोळा होतात आणि पाण्यात जे काही आले असेल तेही तिथेच एकवटते.

मातीचा मुद्दा मला स्वतंत्रपणे मांडायचा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या गुंथर स्टॉट्झ्की यांच्या गटाने बीटी प्रथिने चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटतात आणि तशी चिकटल्यावर जिवाणूंपासून काही प्रमाणात बचावतात, असे दाखवले. 1998 मधल्या त्यांच्या प्रयोगात मातीत मिसळलेले प्रथिन 234 दिवसांनंतरही अळी मारण्याइतके क्रियाशील होते. ज्या खनिजांवर हे काम झाले त्यांतले एक माँटमोरिलोनाइट. आमच्या काळ्या कापसाच्या जमिनीत याच गटातली चिकणमाती भरलेली असते. उन्हाळ्यात जमिनीला पडणाऱ्या रुंद भेगा आणि पावसाळ्यातला चिखल तिच्यामुळेच. दुसरीकडे, त्याच प्रयोगांत आम्लधर्मी मातीपेक्षा उदासीन मातीत प्रथिन लवकर नष्ट होताना दिसले, आणि आमची काळी माती तर अल्कधर्मी आहे. म्हणजे एक गुण प्रथिन टिकवणारा आणि दुसरा ते घालवणारा. दोन्हींची बेरीज काय होते? नाल्यात उतरणारा काळा गाळ प्रथिन घेऊन जातो का, गाळात राहणाऱ्या अळ्या आणि शिंपले ते गिळतात का, आणि गिळल्यावर त्यांना काही होते का? देशातले सर्वांत मोठे कापूस क्षेत्र ज्या मातीवर आहे, त्या मातीच्या गाळाबद्दल हे प्रश्न आहेत. नागपूर, अकोला किंवा परभणीच्या कोणत्याही सुसज्ज प्रयोगशाळेत त्यांची उत्तरे दोन-तीन हंगामांत मिळू शकतात.

इथवर फक्त प्रथिनाबद्दल लिहिले. खरे तर शेतकरी जनुक विकत घेत नाही, तो पाकीट विकत घेतो. पाकिटातले बियाणे रंगीत असते, कारण त्याला इमिडाक्लोप्रिडसारखे औषध चोळलेले असते. निओनिकोटिनॉइड गटातली ही औषधे पाण्यात सहज विरघळतात. रोप त्यातला थोडाच भाग शोषते, उरलेला मातीत राहतो आणि पाण्याबरोबर निघतो. पाण्यातले कीटक या औषधांना फार संवेदनशील असतात. जपानमधल्या शिंजी सरोवराच्या भोवती भातशेतीत 1993 पासून ही औषधे वापरात आली. सरोवरातल्या सूक्ष्म प्राण्यांचे प्रमाण कोसळले आणि त्यांच्यावर जगणाऱ्या स्मेल्ट माशाचे वार्षिक उत्पादन 240 टनांवरून 22 टनांवर आले, असे 2019 मध्ये तिथल्या संशोधकांनी प्रसिद्ध केले. तिथे जनुकीय पीक नव्हते, हे मान्य. पण आमच्या शेतात बीटी बियाणे आणि हे औषध एकाच पाकिटातून येतात आणि एकाच नाल्याला मिळतात. कॅडिसफ्लायच्या अळीला दोन्ही एकाच वेळी भेटतात.

तणनाशकाचे तर याहून गंभीर आहे. तणनाशक सहन करणारा कापूस, ज्याला आमच्याकडे सर्रास चोरबीटी म्हणतात, त्याला आपल्या समितीने परवानगी दिलेली नाही. तसा गुण असलेल्या बीजी 2 आरआरएफचा अर्ज कंपनीने 2016 मध्ये मागे घेतला. तरीही ते बियाणे गावोगाव मिळते. जून 2019 मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी जमून, जाहीरपणे त्याची पेरणी केली. मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही. निंदणाला बाई मिळत नाही, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि ऐन झडीत डवरा चालत नाही. तण पिकाच्या वर जाते तेव्हा माणूस हाताला लागेल तो उपाय करतो. पण त्या बियाण्याबरोबर ग्लायफोसेट हे तणनाशक येते, आणि ते फवारले जाते भर पावसाळ्यात, नाल्याकाठच्या वावरातही. पंप बहुतेक वेळा त्याच नाल्यात धुतला जातो.

ग्लायफोसेटपेक्षा त्यात मिसळलेले पसरवणारे द्रव्य माशांना अधिक घातक असते, हे 1979 पासून नोंदलेले आहे. अमेरिकी संशोधक रिक रेलिया यांनी 2005 मध्ये तळ्यासारख्या टाक्यांत राउंडअप हे ग्लायफोसेटचे बाजारी मिश्रण मिसळून पाहिले. तीन आठवड्यांत बेडकांची 96 ते 100 टक्के पिल्ले मेली. डोस तळ्यावर थेट फवारल्यासारखा होता, म्हणून त्यावरही टीका झाली. पण बेडूक अंडी घालतात ते शेतातल्या खोलगट जागी साचलेल्या पाण्यात, आणि फवारणारा माणूस त्या डबक्याला वळसा घालून जात नाही. युरोपीय संघाने 2016 मध्ये ग्लायफोसेटच्या मिश्रणांतून टॅलोअमाइन हे असेच पसरवणारे द्रव्य काढून टाकले. आपल्या सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये ग्लायफोसेटचा वापर कीड नियंत्रण चालकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. गावात असा चालक कुठे असतो, हे मी आपल्याला विचारू इच्छितो.

इथे कारभारातली एक फट आहे. जनुकाची तपासणी आपण करता, 1989 च्या नियमांखाली. औषधाची नोंदणी केंद्रीय कीटकनाशक मंडळ आणि नोंदणी समितीकडे आहे, 1968 च्या कायद्याखाली. पाणी राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, मासे मत्स्यव्यवसाय विभागाकडे. तणनाशक सहन करणारे पीक आणि ते तणनाशक हे एकमेकांसाठीच घडवलेले असताना, दोन्ही मिळून पाण्यात काय करतात हे पाहणे कोणाच्याच कामात बसत नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आपण ज्या डीएमएच 11 या जनुकीय बदल केलेल्या मोहरीला पर्यावरणीय मुक्ततेची, म्हणजे उघड्या शेतात लावण्याची, परवानगी दिली, तिच्यातही बार हा ग्लुफोसिनेट हे तणनाशक सहन करण्याचा जनुक आहे. तो फक्त संकरित बियाणे तयार करण्यासाठी आहे असे सांगितले गेले. पण गुण झाडात असेल तर शेतकरी तो वापरणार, चोरबीटीच्या अनुभवानंतर याबद्दल शंका राहू नये. त्या परवानगीत मधमाश्यांवरचा अभ्यास मुक्ततेनंतर करण्याची अट होती. आधी पेरणी आणि मग तपासणी, हा क्रम मला पटत नाही. आणि मोहरीच्या शेतांना लागून वाहणाऱ्या कालव्या-तळ्यांचा तर त्या अटीत उल्लेखही नव्हता.

बीटी कापसाच्या बाजूनेही सांगायला हवे. पहिल्या काही वर्षांत हिरव्या बोंडअळीवरच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. पायरेथ्रॉइड गटातली औषधे माशांना अतिशय विषारी असतात. ती नाल्यात कमी गेली असतील तर पाण्यातल्या जीवांना तो मोठा फायदा झाला असेल. हा फायदाही कोणी नोंदला नाही. मग गुलाबी बोंडअळी बीटीला पुरून उरली. गुजरातेत क्राय 1 एसीविरुद्धची प्रतिकारशक्ती 2010 मध्ये जाहीर झाली, पुढे बीजी 2 ही निष्प्रभ होत गेले, आणि 2017 च्या हंगामात आमच्याकडे बोंडेच्या बोंडे किडली. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांनी 2020 मध्ये घेतलेल्या दीर्घ आढाव्याप्रमाणे कापूस उत्पादक आता कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा अधिक खर्च करतात. म्हणजे पाण्यावरचा भार आधी उतरला आणि नंतर पुन्हा चढला असावा. हा आलेख काढायला लागणारी आधारभूत नोंदच आपल्याकडे नाही, कारण 2002 च्या आधी कोणत्याही नाल्यात काय जगत होते ते कोणी लिहून ठेवले नाही.

आता मागणे काय, ते लिहितो. परवानगीच्या प्रत्येक नव्या अर्जात पाण्याची वाट स्वतंत्रपणे मांडायला लावावी : पिकाचा कोणता भाग, कोणत्या महिन्यात, किती अंतरावरच्या ओढ्यात जातो, त्यात प्रथिन किती असते आणि किती दिवस टिकते. चाचणीसाठी जीव निवडताना पाळायला सोपा कोणता हे पाहू नये. पतंगांसाठी निवडलेल्या प्रथिनाला कॅडिसफ्लायची देशी जात हवीच. जोडीला पाला खाणारा आणि गाळ गिळणारा एकेक स्थानिक जीव हवा. 48 तासांत मेला की नाही एवढे पाहून भागणार नाही, अळीची वाढ पूर्ण होऊन तिचा प्रौढ कीटक बाहेर पडतो का, हे पाहावे लागेल. तुलनेला जुळा बिगर बीटी वाण घ्यावा, म्हणजे इंडियानाच्या अभ्यासावर झालेली टीका इथे पुन्हा होणार नाही. बियाण्याला चोळलेले औषध आणि पिकाबरोबर येणारे तणनाशक ही त्या पिकाचाच भाग मानून एकत्र तपासावीत आणि त्यासाठी कीटकनाशक मंडळाबरोबर संयुक्त उपसमिती नेमावी. खर्च अर्जदाराने द्यावा, पण काम त्याच्या हातात नसावे.

जे पीक वीस वर्षांहून अधिक काळ शेतात आहे त्याचे काय? त्याची पाहणी आजही करता येते. वर्धा, यवतमाळ, अमरावती, जालना आणि जळगाव या जिल्ह्यांत कापसाच्या पट्ट्यातले काही नाले आणि शेजारीच जंगलातून किंवा गवताळ माळावरून येणारे काही नाले निवडावेत. दर पावसाळ्याच्या आधी, झडीत आणि नंतर पाणी, गाळ आणि पाला तपासावा, दगडाखालचे जीव मोजावेत. नागपूरला नीरी ही राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था आहे, मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, कापूस संस्था आहे; अकोल्याला कृषी विद्यापीठ आहे; पुण्याला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे केंद्र आहे. माणसे आहेत, यंत्रे आहेत. आपल्या समितीचे एक पत्र गेले तर हे सगळे एका कामाला लागतील. महाविद्यालयांतले विद्यार्थी अशी कामे किती मन लावून करतात हे मी पाहिले आहे.

आणि भोई-ढिवर समाजाला विचारावे. आमच्या भागात नाल्यात, बंधाऱ्यात, सिंचन तलावात जाळे टाकणारी कुटुंबे आहेत. कोणता मासा कोणत्या डोहातून नाहीसा झाला, झिंगे कधीपासून कमी झाले, कोणत्या पावसानंतर मासे पोट वर करून तरंगतात, हे त्यांना ठाऊक असते. त्यांचे सांगणे हा पुरावा नव्हे, पण पुरावा कुठे शोधायचा हे त्यातून कळते. आतापर्यंतच्या जनसुनावण्यांत शेतकरी बोलले, कंपन्या बोलल्या, ग्राहक बोलले. बीटी वांग्याच्या वेळी तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश देशभर सभा घेत फिरले आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी त्यांनी स्थगिती जाहीर केली. पाण्यावर पोट असलेल्यांना मात्र त्या प्रक्रियेत ठरलेली जागा कधीच नव्हती.

जुलै 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी मोहरीच्या प्रकरणात वेगवेगळे निकाल दिले, पण जनुकीय पिकांबाबत राष्ट्रीय धोरण सर्वांशी सल्लामसलत करून ठरवावे, यावर त्यांचे एकमत होते. देशी अभ्यासांच्या अभावावर न्यायमूर्ती नागरत्ना यांनी बोट ठेवले. मला वाटते, धोरणात पाण्याचे प्रकरण घालण्याची हीच वेळ आहे. त्याचा मसुदा मराठीत, तेलुगूत, गुजरातीत यावा, म्हणजे ज्यांच्या शेतातून आणि नाल्यातून हे सगळे जाणार आहे त्यांना तो वाचता येईल. 2016 च्या जोखीम मूल्यांकनाच्या मार्गदर्शक तत्त्वांतही कोरडवाहू प्रदेशातल्या हंगामी ओढ्यांसाठी वेगळी पुरवणी जोडता येईल; त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही.

या तपासणीतून कदाचित काहीच धोका निघणार नाही. तसे झाले तर मला मनापासून आनंद होईल, आणि ते मी माझ्या गावात जाऊन सांगेन. निष्कर्ष दुसरा निघाला, तर पुढचे वाण मंजूर होण्याआधी तो आपल्या टेबलावर असेल.

समितीच्या पुढील बैठकीच्या कार्यसूचीवर हा विषय घ्यावा, ही विनंती. इतिवृत्ते संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात आणि मी ती नियमित वाचतो. विषय घेतला गेला का, आणि न घेतल्यास कोणत्या कारणाने, हे त्यात लिहिलेले असावे.

आपला नम्र,
प्राणिशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक आणि कापूस उत्पादक,
जिल्हा वर्धा